व्याह्यांबरोबर डुकराच्या शिकारीला

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे बंदुकीचा विषय निघाला की कुणाचा गैरसमज व्हायला नको. फ्रीवेवर मी डावीकडच्या वेगवान लेनमध्ये जात नाही. मागच्या अंगणात खुडबुड झाली तर आधी दार लावून घेतो आणि मग काचेतून बघतो. फिनिक्सजवळ चँडलरमध्ये राहून पंचवीस वर्षं झाली, पण वाळवंट पाहिलं ते गाडीत बसून, एसी लावून. नोकरी चिपच्या कारखान्यात. तिथे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट चढवून आत जायचं आणि धुळीचा कणसुद्धा सोबत न्यायचा नाही. असा माणूस बंदूक घेऊन रानडुकरांच्या मागे डोंगर चढला, कारण त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

मुलगा इथलाच, अमेरिकन, मुलीच्याच ऑफिसातला. त्याचे वडील चँडलरच्या पूर्वेला दोन-अडीच तासांवर, डोंगराच्या पायथ्याशी राहतात. आयुष्य गुरांमागे गेलं, बायको वारली, आता एकटेच असतात. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा दारात टोपी काढून उभे राहिले आणि दार भरून गेलं. बायकोनं पुरणपोळ्या केल्या होत्या. त्यांनी तुपात बुडवून, मन लावून खाल्ल्या. मला माणूस आवडला. पण आवडण्या-न आवडण्याचा प्रश्नच नव्हता. ते माझे व्याही होणार होते.

व्याही म्हटलं की माझा आवाज आपोआप खाली येतो. घरचं वळण, दुसरं काय. नागपूरला बहिणीच्या लग्नात तिच्या सासऱ्यांनी पंगतीत बसल्यावर जिलेबीऐवजी श्रीखंड असतं तर बरं झालं असतं, एवढंच म्हटलं होतं. माझे वडील भर उन्हात सायकलवर टांग मारून स्वतः गेले आणि श्रीखंड घेऊन आले. मुलीची बाजू आपली. मुलाच्या वडिलांना नाही म्हणायचं नसतं आणि त्यांच्याकडून काही घ्यायचंही नसतं. हे मला कुणी बसवून शिकवलं नाही, ते अंगातच मुरलं.

तर जेवणं झाली, आणि व्याही हात पुसत म्हणाले, "फेब्रुवारीत हावलीनाचा सीझन असतो. माझ्या लग्नाआधी माझे सासरे मला घेऊन गेले होते. तुम्ही याल का माझ्याबरोबर?"

हावलीना म्हणजे इथलं रानडुक्कर. जाणकार सांगतात की हे खरं डुक्कर नव्हेच, त्याचा लांबचा कुणीतरी नातेवाईक. पण नाक तेच, सुळे तेच, कळपानं फिरणं तेच. माझ्या डोळ्यांसमोर काटोलजवळचं माझ्या मामांचं गाव उभं राहिलं. तिथल्या एका गड्याची मांडी रानडुकरानं फाडली होती. त्याला बैलगाडीतून नेताना मी ओसरीवरून पाहिलं होतं. मी तेव्हा लहान होतो, पण ते धोतर मला अजून दिसतं. व्याही पुढे असंही म्हणाले की नको असेल तर खुशाल नको म्हणा. तेवढं वाक्य मात्र माझ्या कानाच्या बाहेरूनच गेलं.

"हो हो, अगदी आनंदानं," मी म्हणालो.

"बंदूक चालवली आहे कधी?"

"थोडीफार."

कॉलेजात एनसीसीमध्ये एकदा पोटावर झोपवून आमच्याकडून काही गोळ्या मारून घेतल्या होत्या. त्यातली माझी एकही कागदाला लागली नव्हती. ही माझी थोडीफार.

ते गेल्यावर बायको भांडी आवरता आवरता म्हणाली, "बरोबर आहे, तुमच्या नागपूरकडे वाघ असतात ना. डुक्कर म्हणजे तुम्हाला किरकोळ." ती पुण्याची आहे, तिच्या कौतुकातसुद्धा टाचणी असते.

"व्याह्यांना नाही कसं म्हणायचं?"

मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "बाबा, ही डझन्ट ईव्हन नो ही इज अ व्याही. यू कॅन से नो. ही विल बी फाइन."

मी तिला म्हटलं, तुला नाही कळायचं. ती फक्त माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवसापासून मला झोप नीट लागेना. कारखान्यात मशीनजवळ उभा असताना मध्येच कानात डुकराचा फुरफुराट ऐकू यायचा आणि सूटच्या आत घाम सुटायचा. एकदा वाटलं, पाठ धरली म्हणून सांगावं. पण व्याह्यांशी खोटं बोलायचं म्हणजे आणखी वाईट. लायसन्स काढलं, आणि टॅग, म्हणजे एक डुक्कर मारायचा परवाना, तोही सोडतीत मिळाला. टॅग मिळू नये म्हणून मी देवाजवळ प्रार्थना केली होती, हेही सांगून टाकतो.

शिकवायला व्याहीच आले. शनिवारी सकाळी शूटिंग रेंजवर भेटायचं ठरलं. बंदूक हातात देण्याआधी त्यांनी मला नुसत्या गोष्टी सांगितल्या. बंदूक रिकामी आहे असं कधीही समजायचं नाही. नळी माणसाकडे कधीही वळू द्यायची नाही. मारायचं ठरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. आणि हा सेफ्टीचा खटका, तो पुढे म्हणजे गोळी सुटणार, मागे म्हणजे नाही. प्रत्येक गोष्ट माझ्याकडून करून घ्यायचे आणि बरोबर झाली की एकच शब्द म्हणायचे, "गुड." शाबासकीचा थाट नाही, काही नाही. बैलाच्या पाठीवर थाप मारावी तसं ते म्हणायचे.

पहिली गोळी सुटली तेव्हा मी डोळे मिटले होते. खांद्याला दणका बसला, कानांवर संरक्षक लावूनही आवाज दातांत शिरला. मी हात मांडीखाली दाबून धरला. व्याह्यांनी ते पाहिलं असणार. "भीती वाटत असेल तर सांगा," ते म्हणाले. "सगळ्यांना वाटते. न सांगणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते."

"छे छे," मी म्हणालो. "मजा येतेय."

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली. बंदूक सतरंजीवर ठेवली होती, मी पाणी प्यायला उठलो आणि माझ्या बुटाचा धक्का दस्त्याला लागला. पाय लागला म्हटल्यावर मी काय केलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. वाकलो, दस्त्याला हात लावला, हात कपाळाला नेला. पुस्तकाला पाय लागला, माणसाला लागला, तरी आपण हेच करतो. शिवाय शस्त्र. आमच्या घरी दसऱ्याला भाजी चिरायच्या विळीलाही हळदकुंकू लागतं.

व्याह्यांच्या कपाळावर आठी आली. "हे काय होतं?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. हसले नाहीत. म्हणाले, "चांगली रीत आहे. पण डोंगरावर करू नका. तिथे पाय लागला तर बंदुकीला हातच लावू नका. जिथे आहे तिथे राहू द्या आणि मला हाक मारा."

"नक्की," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

जायच्या दिवशी पहाटे बायकोनं मला औक्षण केलं. ताम्हनात निरांजन, सुपारी, सगळं साग्रसंगीत. मी म्हटलं, अगं, लढाईला चाललोय का? ती म्हणाली, "तुमचं तोंड बघता लढाईच बरी." मग तिनं स्वतः विणलेले लोकरीचे हातमोजे माझ्या हातात दिले. डोंगरावर थंडी असेल म्हणून मुद्दाम विणले होते, घाईघाईत, त्यामुळे बोटं जरा ढगळ झाली होती. मुलगी आदल्या दिवशीपासून आलेली होती. तिनं मला मिठी मारली आणि मराठीत म्हणाली, "बाबा, नीट या." एरवी मराठीत काही बोलायचं म्हणजे तिला दहा वेळा सांगावं लागतं. मला एकदम रडू आलं, पण व्याह्यांचा ट्रक दाराशी लागला होता.

ट्रक डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागला आणि उजाडलं. दोन्ही बाजूंना हात वर करून उभे असलेले सग्वारो नावाचे उंच निवडुंग, मध्ये काटेरी झुडपं, आणि जिकडे तिकडे फड्या निवडुंग. हावलीनाचं मुख्य खाणं तेच, काट्यांसकट चावून खातात. हे ऐकून मी त्यांच्या दातांचा विचार करू लागलो. व्याही चालवता चालवता सांगत होते की त्याला दिसतं कमी, पण वास फार लांबून येतो. घाबरलं की दात कडाकडा वाजवतं. कळप उधळला की ज्याला जिकडे वाट दिसेल तिकडे सुटतो, तुमच्या अंगावरून गेला तर तो हल्ला नसतो, त्याला तुम्ही दिसलेलेच नसता. हे त्यांनी मला धीर यावा म्हणून सांगितलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

ट्रक थांबवून आम्ही खाली उतरलो. त्यांनी माझ्या हातमोज्यांकडे पाहिलं आणि डॅशबोर्डमधून पातळ चामड्याची एक जोडी काढली. "हे घाला. त्यात बोटांना कळायचं नाही."

व्याह्यांचे हातमोजे घ्यायचे? ते स्वतः मग काय घालणार? "नो नो," मी म्हणालो, "हेच फार कम्फर्टेबल आहेत."

मग त्यांनी ती जोडी परत आत टाकली.

बंदूक एकच होती, माझ्याकडे. टॅग माझा होता, त्यामुळे त्यांनी फक्त दुर्बीण घेतली होती. एका उंचवट्यावर बसून ते समोरच्या उतारावर, जिथे ऊन पडत होतं तिथे, दुर्बिणीतून बघत राहिले. कितीतरी वेळ. खिशातून टाल्कम पावडरीची चिमुकली बाटली काढून अधूनमधून हवेत दाबायचे आणि पावडर कुठे जाते ते बघायचे. वारा आपल्या तोंडावर हवा, आपला वास त्यांच्याकडे जायला नको. मी सकाळी उटण्याच्या साबणानं अंघोळ करून, केसांना खोबरेल लावून निघालो होतो. ते त्यांना ट्रकमध्येच कळलं असणार, पण बोलले नाहीत. आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, डुकरं दिसू नयेत. देवा, आज त्यांनी दुसऱ्या डोंगरावर जेवावं.

दिसली. राखाडी दगड हलल्यासारखे वाटले आणि मग त्यांना पाय फुटले. व्याह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि आम्ही वाकून, दगडांच्या आडून, खाली उतरू लागलो. प्रत्येक खडा बुटाखाली एवढा मोठा वाजत होता की डुकरांना नाही, फिनिक्सला ऐकू जाईल. आणि मग तो वास आला, कुबट, उग्र, ओल्या घोंगडीचा असतो तसा. म्हणजे इतक्या जवळ आलो होतो.

एका मोठ्या खडकामागे त्यांनी मला बसवलं. खडकावर सॅक ठेवली, सॅकवर बंदूक टेकवायला लावली. खाली कोरड्या ओढ्यात कळप निवडुंग खात होता. चावण्याचा आवाज येत होता, पापड मोडल्यासारखा. व्याही कानाशी म्हणाले, "उजवीकडचं, एकटं आहे ते. सेफ्टी काढा. श्वास सोडा."

मी सेफ्टी काढली. श्वास काही सुटेना. बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या काचेत ते जनावर दिसलं, मानेवरचे केस उभे, आणि त्याच्या बारीक डोळ्यात काहीच नव्हतं. माझी छाती इतकी धडधडत होती की काचेतलं डुक्कर तिच्याबरोबर वरखाली होत होतं. तेवढ्यात ते झुडपाआड गेलं.

"थांबा," व्याही म्हणाले. "सेफ्टी लावा. मी पुढे जाऊन बघतो कुठे गेलं ते."

मी अंगठ्यानं खटका मागे ओढला. म्हणजे मला वाटलं की ओढला. जाड लोकरीतून अंगठ्याला काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, आणि मी त्यांना मान हलवून सांगितलं, झालं. "गुड," ते म्हणाले. आणि डावीकडे, खडकाच्या पुढे, पोटावर सरपटत गेले.

मी एकटा राहिलो. दोन्ही हात छातीशी धरून, खाली बसून, बंदुकीकडे न बघता. इतक्यात झुडपाच्या बाजूनं दात वाजले. व्याह्यांनी सांगितलं होतं तसंच, कडकड, कडकड, पण सांगण्यात आणि ऐकण्यात फार फरक असतो. ते जनावर उतार चढून माझ्याच दिशेला येत होतं. मी दचकून पाय आखडला आणि बुटाचं टोक दस्त्याला लागलं. बंदूक सॅकवरून घसरून माझ्या पायाशी आली. नळी डावीकडे फिरली.

त्या क्षणी मला डुक्कर आठवलं नाही, रेंज आठवली नाही, सांगितलेलं काही आठवलं नाही. विचार करायला वेळच नव्हता. हाताला मात्र वेळ होता. पाय लागला. हात खाली गेला, दस्त्याला टेकला आणि कपाळाकडे निघाला. निघताना त्या मोज्याचं ढगळ बोट चापाच्या कडीत अडकलं.

आवाज झाला. व्याह्यांच्या डोक्याजवळच्या दगडातून धूळ उडाली आणि त्यांचं डोकं खाली पडलं.

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही, पण मराठीत ओरडलो एवढं नक्की, आणि "अहो व्याही" असं काहीतरी ओरडलो, जे त्या माणसाला या जगात कळणं शक्य नव्हतं. कळप उधळला. डुकरं चारही बाजूंना सुटली, एक तर माझ्या गुडघ्याला घासून वर पळालं, केस टोचले मला त्याचे. ज्या जनावराला मी महिनाभर भ्यालो ते अंगावरून गेलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मी बसल्या जागी गोठलो होतो. व्याही मेले. मी मारले. माझ्या मुलीचा सासरा मी मारला, आणि आता हे तिला जाऊन सांगायचंय. एवढंच डोक्यात फिरत होतं, एवढंच. तशी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. ती भीती म्हणजे थरथर नव्हे. सगळं अंग रिकामं झालं होतं.

मग त्यांनी डोकं उचललं.

कोपरावर रेलून त्यांनी आधी दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दगडाची कपची उडून गाल फाटला होता, रक्त हनुवटीवरून कॉलरमध्ये उतरत होतं. ते उठले, गोल वळसा घालून माझ्या मागून आले आणि बंदूक उचलली. बोल्ट मागे ओढला. रिकामं काडतूस दगडावर पडून टणटणत खाली गेलं. बाकीच्या गोळ्या काढून त्यांनी खिशात टाकल्या आणि माझ्या शेजारी बसले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. टोपी डोक्यावर ठेवायला गेले तर हातातून पडली. उचलली, पुन्हा पडली. मग त्यांनी ती तशीच राहू दिली.

मी रडत होतो. नाक पुसायला लागलो तर हातात तोच लोकरीचा मोजा.

"भीती वाटत होती तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"केव्हापासून?"

"आमच्या डायनिंग टेबलापासून."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. "मी तुम्हाला विचारलं होतं. तिथे विचारलं, रेंजवर विचारलं. हातमोजे देत होतो."

मग मी त्यांना व्याही म्हणजे काय ते सांगितलं. त्या दगडावर बसून, मोडक्यातोडक्या वाक्यांत, माझे वडील, सायकल, श्रीखंड, सगळं. की आमच्यात मुलाच्या वडिलांना नाही म्हणत नाहीत. ऐकताना ते रुमालानं गाल दाबून धरत होते आणि रुमाल लाल होत चालला होता.

"म्हणजे," ते अखेर म्हणाले, "मला नाही म्हणण्यापेक्षा मला गोळी घालणं तुम्हाला सोपं गेलं."

ते चेष्टेनं म्हणाले नव्हते. खरंच चिडले होते, आणि चिडायला हवंच होतं.

परत येताना ट्रकमध्ये मी खिडकीला चिकटून बसलो होतो. गालाला त्यांनी पट्टी चिकटवली होती. डांबरी रस्ता लागल्यावर ते म्हणाले, "मुलांना काही सांगायचं नाही. मी घसरलो, दगड लागला. शिकारीत होतं असं. लग्न तोंडावर आलंय, त्यांच्या डोक्यात हे कशाला?"

खरं सांगतो, माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. हेच तर मला हवं होतं. आणि ते मी मागितलंही नव्हतं, व्याह्यांनी स्वतः म्हटलं होतं. व्याह्यांचा शब्द. हो म्हणायला माझं तोंड उघडलंसुद्धा.

पण नजर त्यांच्या कॉलरकडे गेली. रक्त वाळून कडक झालं होतं. थोडी इकडे गेली असती गोळी, तर आज मी वेगळ्या गाडीतून घरी जात असतो. सकाळी मुलगी म्हणाली होती, नीट या. हा माणूस आता दर दिवाळीला माझ्या टेबलाशी बसणार, तो गाल घेऊन, आणि पुरणपोळी वाढताना मी त्या गालाला भीत राहणार. माझी मुलगी तो गाल बघून म्हणेल, तुम्ही कसे पडलात हो, आणि आम्ही दोघं ताटात बघणार. मला घाम फुटला. डुकराच्या वेळी फुटला होता त्याहून जास्त.

"नाही," मी म्हणालो. आवाज चिरकला. "नाही. मी सांगणार."

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"जमतं की तुम्हाला," ते म्हणाले.

दारात सगळे उभे होते, बायको, मुलगी, जावई. पट्टी बघून मुलगी धावत आली. मी ड्राइव्हवेवर उभं राहूनच सांगितलं, घरात जाईपर्यंत धीर टिकला नसता. पाय लागला, नमस्कार केला, गोळी सुटली, यांच्या डोक्याजवळून गेली. जावयानं आपल्या वडिलांकडे पाहिलं आणि तो एकटाच रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेला. बायकोनं माझ्या हातातले मोजे काढून घेतले, पदरात लपवावेत तसे ओढणीत गुंडाळले. मुलगी माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "व्हाय डिडन्ट यू जस्ट से नो, बाबा?" आणि आत गेली.

त्यानंतर कित्येक आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. रविवारी आमच्याकडे यायच्याऐवजी ड्राइव्ह करून व्याह्यांकडे जायची, त्यांची पट्टी बदलायची. मी रोज फोनकडे बघायचो. आता सांगेल, लग्न कॅन्सल केलं. जावई तोंडानं चांगला बोलत होता, पण माझ्या घरी बसायचा तो दाराजवळच्या खुर्चीवर. मी चँडलरमधल्या त्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातानासुद्धा दबकत चालायचो. आणि मग एका संध्याकाळी फोन आला तो बायकोला, व्याह्यांचा. फेट्याला कापड किती लागतं आणि रंग कुठला, हे विचारायला. बायकोनं फोन ठेवला, ओट्याशी माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि डोळे पुसले. तेव्हा मला कळलं की लग्न होणार आहे.

लग्न चँडलरच्याच एका हॉलमध्ये झालं. व्याहीभेटीची वेळ आली. आमच्या मंडळातल्या एक काकू हे सगळं बघतात, त्यांनी आम्हा दोघांना समोरासमोर उभं केलं. त्यांच्या हातात हार, माझ्या हातात हार. गुलाबी फेट्याखाली व्याह्यांच्या गालावर ती रेघ स्पष्ट दिसत होती. पाहुणे मोबाइल वर करून उभे होते. मुलगी स्टेजवरून आमच्याकडे बघत होती, हसत नव्हती, नुसती बघत होती. मी हार घालायला पुढे झालो आणि माझा पाय त्यांच्या बुटावर पडला.

हात खाली निघाला. तो निघणारच. त्यांनी अर्ध्यात माझं मनगट धरलं, घट्ट, आणि खाली वाकून माझ्या कानाशी विचारलं, "भीती वाटतेय?"

"हो," मी म्हणालो. "फार."

"गुड," व्याही म्हणाले आणि त्यांनी मला मिठी मारली.